अदृश्य झाल्यावर तिला दिसतं कसं?

खटावच्या_बाई

नमस्कार मंडळी. मी खटाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, एकोणीस वर्षं झाली. आज जो प्रश्न विचारतेय तो मूळ माझ्या दहावीतल्या एका मुलीचा. पण आठवडाभर तो माझ्याच डोक्यात घुमतोय, म्हणून इथे आले.

ही मुलगी वर्गात फारसं बोलत नाही. वहीच्या मागच्या पानांवर पट्टीने चौकटी आखते आणि त्यात चित्रकथा काढते. तिचा मामा पुण्याला असतो. त्याने रद्दीतून शोधून आणलेले इंग्रजी कॉमिक्सचे पंधरा-वीस अंक तिच्याकडे आहेत, कडा कुरतडलेले, पण प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले. त्यात तिची सगळ्यात लाडकी म्हणजे 'फँटॅस्टिक फोर'मधली स्यू स्टॉर्म. अंतराळात गेली, वैश्विक किरणांचा मारा झाला, आणि परत आली ती मनात येईल तेव्हा अदृश्य होण्याची ताकद घेऊन.

गेल्या शनिवारी अपवर्तनाचा धडा चालू होता. त्या धड्याला मी दरवर्षी एक प्रयोग करते. चंचुपात्रात रिफाइंड शेंगदाणा तेल घ्यायचं आणि त्यात बोरोसिलिकेटची परीक्षानळी सोडायची. नळीतही आधी तेल भरून घ्यायचं, नाहीतर आतली हवा चमकते आणि सगळी गंमत जाते. नळी हळूहळू खाली सोडली की तेलाच्या वरचा भाग दिसतो, तेलातला नाहीसा होतो. काचेचा आणि तेलाचा अपवर्तनांक, म्हणजे पदार्थ प्रकाशाला किती वळवतो ते सांगणारा आकडा, जवळजवळ सारखा, दोघांचाही १.४७ च्या आसपास. प्रकाशाला काच कुठे सुरू झाली ते कळतच नाही. तो सरळ निघून जातो. राहतात फक्त नळीवर छापलेली कंपनीची पांढरी अक्षरं. ती तेलात नुसती तरंगताना दिसतात. पोरं दरवर्षी त्या अक्षरांवर बोट ठेवायला धडपडतात.

सगळे हात धुवायला नळावर गेले, ही एकटी टेबलाजवळ थांबली. म्हणाली, "बाई, अक्षरं का दिसतात? ती प्रकाश अडवतात म्हणून ना? मग स्यूच्या डोळ्यातला पडदा प्रकाश अडवत नसला, तर तिला काही दिसणारच नाही. आणि अडवत असला, तर या अक्षरांसारखे तिचे डोळे हवेत तरंगताना दिसतील."

मला चटकन उत्तर देता आलं नाही. सोमवारी मी तिला सांगितलं, की तुझं बरोबर आहे, खरोखर अदृश्य झालेल्या माणसाला दिसणार नाही. दृष्टिपटलाने प्रकाश शोषला तरच मेंदूला संदेश जातो, आरपार निघून गेलेला प्रकाश काय सांगणार? तिने मान डोलावली, पण चेहरा पडला. मग हळूच म्हणाली, "पण माझ्या गोष्टीतल्या मुलीला दिसायला पाहिजे."

तर मंडळी, मदत करा. वैश्विक किरणांनी ताकद मिळाली, एवढी एक थाप आपण मान्य करू. त्यापुढचं सगळं निसर्गाच्या नियमांत बसलं पाहिजे. "कॉमिक आहे, सोडून द्या" असं कृपया सांगू नका. या मुलीने प्रयोगातल्या पांढऱ्या अक्षरांवरून दृष्टिपटलापर्यंत मजल मारली आहे. तिला अर्ध्यावर सोडायची माझी तयारी नाही.

जुना_अंक

बाई, चाळीस वर्षं कॉमिक्स वाचतोय, त्यामुळे माझ्याकडे जे आहे ते देतो. विज्ञान इतर लोक सांगतील.

'फँटॅस्टिक फोर'चा पहिला अंक नोव्हेंबर १९६१ चा. लेखन स्टॅन ली यांचं, चित्रं जॅक कर्बी यांची. तेव्हा स्यूचं नाव 'इनव्हिजिबल गर्ल' होतं, त्याचं 'वूमन' व्हायला १९८५ उजाडावं लागलं. मुलीला सांगण्यासारखी गोष्ट आहे ही. सुरुवातीला तिला एकच काम, नाहीसं होणं. मारामारीच्या वेळी तिघे पुरुष पुढे आणि ही मागे. वाचकांनाही ते खटकायचं. मग २२ व्या अंकात, जानेवारी १९६४ मध्ये, तिला नवीन ताकद मिळाली: न दिसणाऱ्या बलक्षेत्राच्या भिंती उभ्या करायच्या आणि दुसऱ्या वस्तूही अदृश्य करायच्या. तिथून ही चौघांतली सगळ्यात ताकदवान व्यक्ती होत गेली, असं माझं ठाम मत आहे.

आता मुद्दा. ती कपड्यांसकट अदृश्य होते, अगदी पहिल्या अंकापासून. नुसतं अंगच काचेसारखं झालं असतं, तर रिकामा फ्रॉक चालताना दिसला असता. म्हणजे बदल तिच्या मांसात होत नाही, तिच्याभोवती होतो. तिच्याकडे दोन ताकदी नाहीतच, एकच आहे: क्षेत्र. ते घट्ट केलं की भिंत होते, आणि प्रकाशाला वळवलं की अदृश्यपणा. तुमच्या विद्यार्थिनीने इथून सुरुवात करावी.

पाणकावळा

जुना_अंक यांचं पटतंय, तरी पारदर्शक अंगाचा विचार इतक्यात सोडू नका. निसर्गाने तो करून पाहिला आहे.

मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलात काचबेडूक असतात. पोटाकडून पाहिलं तर आतलं काळीज धडधडताना दिसतं. त्यांची खरी अडचण रक्ताची, कारण लाल रंग लपत नाही. २०२२ च्या शेवटी संशोधकांनी दाखवून दिलं, की हा बेडूक दिवसा पानावर झोपला की आपल्या लाल पेशींपैकी जवळपास ९० टक्के यकृतात कोंबून ठेवतो, आणि यकृताला आरशासारखं आवरण असतं. झोपेत तो दोन-तीन पट जास्त पारदर्शक होतो. जागा झाला की रक्त पुन्हा वाहायला लागतं. एवढ्या पेशी एकत्र दाबूनही गुठळी होत नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

दुसरं उदाहरण २०२४ चं. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या लोकांनी जिवंत उंदराच्या कातडीला टार्ट्राझिनचं दाट द्रावण चोळलं आणि पोटावरची कातडी आरपार झाली, आतलं आतडं हलताना दिसलं. धुतल्यावर कातडी पुन्हा पहिल्यासारखी. टार्ट्राझिन म्हणजे आपल्याकडे मिठाईत टाकतात तो पिवळा खायचा रंग. तो पाण्यात मिसळला की तांबड्या प्रकाशासाठी पाण्याचा अपवर्तनांक वाढतो आणि चरबी-प्रथिनांच्या बरोबरीला येतो. म्हणजे बाई, तुमचा तेल-नळीचाच प्रयोग, फक्त कातडीच्या आत केलेला. (मुलांना सांगा, घरी अंगाला रंग चोळून बघू नका. माणसाची कातडी जाड असते आणि यात धोका किती ते ठरलेलं नाही.)

पण गाडी अडते ती इथेच. बेडूक काय, उंदीर काय, आतले अवयव एकमेकांशी जुळतात, हवेशी नाही. काचेचा माणूस तेलात लपेल, पाण्यात बऱ्यापैकी लपेल. म्हणून समुद्रात पारदर्शक जीव पुष्कळ आहेत आणि जमिनीवर फार थोडे. हवेत तो पाण्याच्या पुतळ्यासारखा चमकेल.

काचबिंदू

बाई, मी कोल्हापूरकडे डोळ्यांच्या दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहे. दिवसभर नंबर काढते आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी आत बसवायच्या भिंगाचं माप घेते. तुमच्या मुलीचा प्रश्न वाचला आणि जेवणाचा डबा तसाच राहिला. जरा सविस्तर लिहिते.

डोळा हा आपल्या अंगातला असा अवयव आहे, जो आधीच अर्धा अदृश्य आहे. पुढचं पारपटल, म्हणजे बुबुळावरचा काचेसारखा पडदा घ्या. त्यात एकही रक्तवाहिनी नाही, तंतू इतक्या सारख्या अंतरावर रचलेले की प्रकाश विखुरत नाही. मागचं भिंग घ्या. तिथल्या पेशी मोठ्या होताना स्वतःचं केंद्रकसुद्धा टाकून देतात, कारण तेवढा ठिपकाही प्रकाशाच्या वाटेत येतो. त्यातली प्रथिनं जन्मभर बदलली जात नाहीत. ती गढूळ झाली की त्यालाच आपण मोतीबिंदू म्हणतो. तेव्हा "शरीर पारदर्शक कसं होईल" हा प्रश्न माझ्यासाठी परका नाही, मी रोज तेच पाहते.

पण सगळं अंग हवेइतकं पारदर्शक झालं, तर दृष्टिपटलाच्याही आधी एक अडचण येते. ज्यांनी विहिरीत सूर मारून पाण्याखाली डोळे उघडलेत त्यांना ती ठाऊक आहे. पाण्याखाली सगळं धूसर दिसतं. का? डोळ्याची प्रकाश वळवायची एकूण ताकद साधारण ६० डायॉप्टर (चष्म्याचा नंबर याच मापात असतो). त्यातली जवळपास ४३ एकट्या पारपटलाची, आणि ती हवा आणि पारपटल यांच्या अपवर्तनांकातल्या फरकामुळे. पारपटलाचा अंक १.३७६, पाण्याचा १.३३. पाण्यात तो फरक जवळजवळ संपतो, प्रकाश वळत नाही आणि चित्र जुळत नाही. आता जिचा डोळा हवेशीच जुळला तिचं काय होईल? ४३ ही गेले आणि भिंगाचे उरलेलेही गेले. दृष्टिपटल जागेवर असलं तरी त्यावर नुसता उजेड पडेल, चित्र पडणार नाही. म्हणून मीही जुना_अंक यांच्या बाजूची. स्यूचं अंग आहे तसंच राहू द्या.

आता मुलीच्या मूळ प्रश्नाकडे. तिचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे: पाहायचं असेल तर प्रकाश अडवावाच लागेल. पण कुठला प्रकाश, हे कुणी ठरवलं? जो प्रकाश इतर कुणाला दिसतच नाही तो अडवला, तर कुणाला काय कळणार?

एक अनुभव सांगते. पाचेक वर्षांपूर्वी एक आजी तपासणीला आल्या होत्या. त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन तीसेक वर्षांपूर्वी शिबिरात झालेलं. त्या काळी बऱ्याच ठिकाणी मोतीबिंदू काढायचे, पण आत भिंग बसवायचे नाहीत, मग जन्मभर तो जाड फुगीर चष्मा. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन अलीकडचं, भिंग बसवलेलं. आजी बिलाच्या काउंटरवर उभ्या होत्या, चष्मा काढून पदराने पुसत होत्या. काउंटरवर नोटा तपासायचा छोटा जांभळा दिवा असतो ना, तो चालू होता. आजी म्हणाल्या, "केवढा लख्ख दिवा लावलाय गं पोरी, डोळ्यावर येतोय."

मला तो दिवा मंद जांभळा दिसत होता. काउंटरवरच्या मुलीलाही. मी आजींना म्हटलं, एक डोळा झाका. उजवा झाकला, तर "आता बारीक दिसतोय." डावा झाकला, तर "आता पांढरानिळा, भगभगीत." तीन वेळा करून घेतलं, तिन्ही वेळा तेच.

नोटांचा तो दिवा अतिनील प्रकाशाचा, म्हणजे जांभळ्याच्याही पलीकडच्या, ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचा (हे प्रकाशलहरीच्या लांबीचं माप). आपलं भिंग ३०० ते ४०० नॅनोमीटरचा प्रकाश अडवून ठेवतं, दृष्टिपटलापर्यंत पोचूच देत नाही. आजींच्या उजव्या डोळ्यात ते भिंगच नव्हतं. दरवाजावरचा राखणदार नाही म्हटल्यावर अतिनील प्रकाश सरळ आत जात होता, आणि दृष्टिपटलाला तो थोडा का होईना कळतो. हल्ली आपण जी भिंगं बसवतो त्यात मुद्दाम अतिनील गाळणी असते, म्हणून डाव्या डोळ्याला तो बारीक दिसला.

शिवाय पक्षी, मधमाश्या, उंदीर यांना अतिनील दिसतंच. उंदराच्या डोळ्यातलं एक रंगद्रव्य ३६० नॅनोमीटरला सगळ्यात चांगलं काम करतं. आपल्याकडे जे निळ्यासाठी आहे ते त्याच्याच कुळातलं, फक्त सरकत सरकत ४२० च्या आसपास आलेलं. वैश्विक किरणांनी ते मागे ढकललं असं म्हणायला मला काहीच हरकत वाटत नाही.

बाई, मुलीला सांगा, की तिच्या नायिकेचे डोळे अतिनीलमध्ये पाहतात.

दूरदेशी

मी जर्मनीत अँटेनांवर काम करतो, मूळचा बार्शीचा. काचबिंदू यांची पोस्ट तीनदा वाचली, कारण त्यांनी माझ्या क्षेत्रातला एक जुना तिढा सोडवलाय असं वाटलं.

प्रकाश वळवून वस्तू लपवायचं काम खरंच झालं आहे. २००६ मध्ये लंडनचे जॉन पेंड्री आणि अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे डेव्हिड स्मिथ, डेव्हिड शुरिग यांनी आधी गणित मांडलं, आणि त्याच वर्षी ड्यूकमध्ये ते करून दाखवलं. तांब्याचा एक छोटा दंडगोल, त्याच्याभोवती एकात एक कडी, कड्यांवर तांब्याची बारीक नक्षी छापलेली. मायक्रोवेव्ह लहरी त्या कड्यांतून दंडगोलाला वळसा घालून पलीकडे पुन्हा जुळल्या. लपवणं शंभर टक्के नव्हतं, सावली थोडी उरली होती. पण तत्त्व सिद्ध झालं.

तिढा असा, की लहरी वळसा घालतात म्हणजे आत येतच नाहीत. आतला माणूस ठार अंधारात. तुमच्या मुलीचाच प्रश्न, फक्त दुसऱ्या दारातून आलेला.

आणि दुसरा मुद्दा, ज्याला आम्ही आजवर दोषच समजत आलो. असं आवरण सगळ्या लहरींना सारखं चालत नाही. शाळेत लेझीमची रांग वळण घेताना आठवा. बाहेरच्या बाजूच्या पोराला लांब ढांगा टाकाव्या लागतात, नाहीतर रांग मोडते. वळसा घालणाऱ्या लहरींचंही तसंच. मोकळ्या हवेत त्या आधीच पूर्ण वेगात असतात, आणखी लांब ढांग कुठून टाकणार? विशिष्ट पदार्थात लहरीचे उंचवटे तेवढ्यापुरते त्याहून वेगाने सरकू शकतात, निसर्गाचा नियम मोडत नाही, पण ही सवलत एका ठराविक पट्ट्यातच मिळते. पट्ट्याच्या बाहेरच्या लहरींसाठी आवरण म्हणजे नुसतंच धुरकट कवच.

तर थाप एवढीच घ्या: स्यूचं क्षेत्र ४०० ते ७०० नॅनोमीटरचा सगळा दृश्य प्रकाश वळवतं. हीच फार मोठी थाप आहे, आमच्या कुठल्याच आवरणाला ते जमलेलं नाही. पण त्याच्या पलीकडे मात्र ते चालत नाही. अतिनील आत शिरतो. म्हणजे ज्या फटीमुळे आमची आवरणं अपुरी ठरतात, तीच तिची खिडकी.

आणि यातून मुलीला गोष्टीसाठी एक मोठी गोष्ट मिळते. ती सगळ्यांपासून लपलेली नाही. अवरक्त कॅमेऱ्यात तिच्या अंगाची ऊब दिसेल. मधमाशीला ती स्पष्ट दिसेल.

काचबिंदू

दूरदेशी, "तीच तिची खिडकी" हे वाचून मी खुर्चीतून उठले. बरोबर जुळलं. अंग जसंच्या तसं, रक्त लाल, पारपटल आणि भिंग नेहमीसारखं प्रकाश वळवणारं. फक्त भिंगाने अतिनील अडवायचा नाही, आणि दृष्टिपटलात अतिनीलचं रंगद्रव्य हवं. बाहेरून आपल्याला ती दिसत नाही, आतून तिला जग दिसतं.

आता बाई, तिच्या जगात काय काय दिसेल ते लिहिते, मुलीला चित्रात लागेल.

उन्हात तिला सगळ्यात छान दिसेल. आकाश धुक्यासारखं उजळ, सावल्या फिकट. साध्या काचेच्या खिडकीतूनही ३६५ च्या आसपासचा बराच प्रकाश येतो, म्हणून खिडकीजवळ बरं. जुन्या ट्यूबलाइटमध्ये पाऱ्याची वाफ असते, तिच्यातून थोडासा गळतो, तिथे ती चाचपडत चालेल. पण एलईडी दिव्यात अतिनील जवळजवळ नसतोच. रात्री एलईडीच्या लख्ख खोलीत अदृश्य झाली, की तिच्यासाठी अमावस्या.

तैलरंगाने रंगवलेली पांढरी भिंत तिला काळपट दिसेल, कारण त्या पांढऱ्या रंगातलं टायटॅनियम डायॉक्साइड अतिनील गिळतं. चुना लावलेली भिंत मात्र उजळ. सूर्यफूल आपल्याला सबंध पिवळं दिसतं. तिला पाकळ्यांची टोकं उजळ आणि बुडाशी काळं वर्तुळ दिसेल, जे मधमाश्यांना दिसतं. माणसांचे चेहरे गडद, त्यावर आपल्याला कधी न दिसलेले वांग आणि डाग.

आणि एक खास माझ्या कामातली गोष्ट. डोळा सगळे रंग एकाच जागी जुळवत नाही. निळा प्रकाश जास्त वळतो, अतिनील त्याहून जास्त. म्हणजे अगदी शून्य नंबरची बाईसुद्धा अतिनीलमध्ये लघुदृष्टीची होईल, दोनाहून जास्त उणे नंबर लागेल. लांबचं बघायला तिला चष्मा लागणार. तो प्लॅस्टिकचा चालायचा नाही, आजकालची प्लॅस्टिक भिंगं अतिनील अडवतात. जुन्या पद्धतीचा काचेचा चष्मा हवा, त्यातून हा प्रकाश जातो. क्षेत्र चष्म्याच्याही बाहेरून असल्यामुळे तो कुणाला दिसणार नाही.

हेही लिहून ठेवा: आपलं भिंग अतिनील उगाच अडवत नाही. तो दृष्टिपटलाला इजा करतो. तिने ही ताकद रोज तासन् तास वापरली तर डोळे जातील. तिला ती जपून वापरावी लागेल.

जुना_अंक

कॉमिक्समध्ये एक जण चष्मा घालून साधा माणूस बनतो आणि काढून सुपरमॅन होतो. ही चष्मा घालून नायिका होईल. मी इतकी वर्षं वाचतोय, असं कुठे पाहिल्याचं आठवत नाही.

खटावच्या_बाई

तुम्हा सगळ्यांचे आभार मानायला उशीर झाला, घटक चाचणी चालू होती.

काल मधल्या सुट्टीत तिला तुमच्या पोस्टी वाचून दाखवल्या. काचबिंदू ताई, आजींचा प्रसंग तिने दोनदा वाचायला लावला. चष्म्याचा परिच्छेद आला तेव्हा ती एकदम गप्प झाली. तिला स्वतःला उणे तीनचा चष्मा आहे. तिच्या चित्रकथेतल्या मुलीला तिने आजवर चष्मा काढला नव्हता, मी कधी विचारलंही नव्हतं.

आज सकाळी वही घेऊन आली. चार पानं नवीन आहेत. पहिल्या चौकटीत शाळेची प्रयोगशाळा, चंचुपात्र, आणि तेलात तरंगणारी अक्षरं. पुढे मुलगी आजोबांच्या ट्रंकेतून काचेचा जुना चष्मा काढते. मग चौकटीचे सगळे रंग उलटे होतात: भिंत काळी, आकाश पांढरं, सूर्यफुलात काळं वर्तुळ. ते तिने पेन्सिल आडवी धरून घासून केलंय. शेवटच्या पानावर एलईडीने उजळलेल्या गोदामात ती दोन्ही हात पुढे करून उभी आहे, चोर तिच्यापासून चार पावलांवर, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. तिथे गोष्ट थांबली आहे. पुढचं सुचलं की सांगते म्हणाली.

ताई, एक विचारायचं होतं. काचेची भिंगं अजून मिळतात का? तिला एकदा हातात धरून बघायची आहेत. काचेचा चष्मा जड असतो असं कुणी तरी तिला सांगितलंय, आणि पळताना तो नाकावरून किती घसरेल ते तिला चित्रात बरोबर दाखवायचंय.

काचबिंदू

आमच्याकडे काचेच्या ट्रायल भिंगांची जुनी पेटी आहे, लाकडी, आत हिरवी मखमल. तिच्यातली उणे अडीचची जोडी मी बाजूला काढून ठेवते. शनिवारी दवाखाना दुपारी दोनपर्यंत असतो. तिला घेऊन या, आणि वही आणायला सांगा.